जुन्या बंदुकीच्या पोलादावरील उडालेले रंग: कलर केस हार्डनिंग पुन्हा करावे का, आणि कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, बाहेर घोडे असलेली एक दुनळी बंदूक वारशाने हाती आली आहे. तिच्या अ‍ॅक्शनवर आणि लॉकप्लेटवर (अ‍ॅक्शन म्हणजे नळ्या जिथे बसतात तो मधला सांगाडा, लॉकप्लेट म्हणजे घोड्याची यंत्रणा धरणारी बाजूची पट्टी) कधीकाळी कलर केस हार्डनिंगचे, म्हणजे पोलादाची साल कठीण करताना उमटणारे, निळे, जांभळे, तपकिरी असे ढगाळ रंग होते. आता तिथे नुसते राखाडी पोलाद दिसते. ते रंग पुन्हा आणता येतील का, गॅसच्या ज्योतीने किंवा रसायनाने आणले तर काय बिघडते, आणि भट्टीत रीतसर करायचे तर काय काय करावे लागते, असे तीन भाग त्या प्रश्नात आहेत. हे काम मी गेली बावीस वर्षे करीत आहे, आणि त्या अनुभवावरून पहिली गोष्ट अशी सांगतो की या कामात रंग मागून येतो. आधी येतो तो कठीणपणा. रंगासाठी कठीणपणाशी तडजोड केली की बंदूक बिघडते आणि बहुतेक वेळा रंगही मनासारखा येत नाही.

जुन्या बंदुकांच्या अ‍ॅक्शन घडीव लोखंडाच्या किंवा अगदी कमी कर्ब असलेल्या पोलादाच्या असत. हा धातू चिवट असतो, तासायला आणि नक्षी कोरायला सोपा असतो, पण नुसते पाणी पाजून तो कठीण होत नाही, कारण कठीण होण्यापुरता कर्ब त्यात नसतो. बिजागरीची पिन, घोड्याचा आस, चापाच्या वरचा, घोडा ताणून धरणारा सिअर यांसारख्या घासणाऱ्या जागा अशा मऊ धातूच्या ठेवल्या तर लवकर झिजतात. म्हणून कारागीर हे भाग कोळशात गाडून तापवीत. बंद मुशीत कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, तो तापलेल्या लोखंडाच्या पृष्ठभागावर आपला कर्ब सोडतो, आणि तो कर्ब हळूहळू आत झिरपतो. दोन-तीन तासांत मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशांइतकी साल कर्बयुक्त होते. मग तो भाग एकदम पाण्यात टाकला की साल काचेसारखी कठीण होते आणि गाभा चिवटच राहतो. घाव सोसायला गाभा आणि घर्षण सोसायला साल, अशी ही विभागणी आहे.

रंग उमटतात ते शेवटच्या टप्प्यावर, भाग पाण्यात शिरण्याच्या क्षणी. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तापलेल्या स्वच्छ पोलादावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ पापुद्रा धरतो. त्याची जाडी काही लाखांश मिलिमीटर एवढीच असते, आणि साबणाच्या फुग्यावर जसे प्रकाशाच्या खेळाने रंग दिसतात तसेच ते इथे दिसतात. पापुद्रा जिथे थोडा जाड तिथे निळा, जिथे पातळ तिथे गवती पिवळा किंवा तपकिरी. या पापुद्र्यात रंगद्रव्य असे काहीच नसते. हे ध्यानात घेतले म्हणजे बोटांच्या सततच्या स्पर्शाने आणि घामाने शंभर वर्षांत तो का उडतो, हेही कळते. रंग उडाला म्हणून खालची साल गेली असे मात्र समजू नये. आपल्या अ‍ॅक्शनच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, बारीक कानस हलकेच टेकवून पाहावी. ती काचेवरून घसरावी तशी घसरली, तर साल शाबूत आहे.

गॅसच्या ज्योतीचे उत्तर यातच आहे. पोलाद तापवले की सुमारे २३० अंश सेल्सिअसला गवती, २८० च्या आसपास जांभळे आणि ३०० ला निळे रंग चढतात. ज्योत इकडेतिकडे फिरवून त्यांचे ठिपके काढता येतात, आणि छायाचित्रात ते बरेही दिसतात. पण कठीण झालेली साल इतकी तापली की तिचे पाणी उतरते. ज्या कठीणपणासाठी मूळ कारागिराने सगळा खटाटोप केला तो दोन मिनिटांत कमी होतो. शिवाय जाणकाराला हे लगेच ओळखू येते. ज्योतीचे रंग एका मध्यबिंदूभोवती वलयासारखे, ठरलेल्या क्रमाने पसरतात: आत निळा, मग जांभळा, मग गवती. भट्टीतल्या रंगांना असा मध्यबिंदू नसतो. रासायनिक द्रावणांनी साल बिघडत नाही, हे त्यांच्या बाजूने मान्य करावे लागेल. पण तो रंग उथळ आणि एकसुरी दिसतो आणि हाताळताना लवकर जातो. मी स्वतः दोन्ही मार्ग नाकारतो.

आता त्याआधीचा प्रश्न: हे करावेच का? माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी सहा-सात बंदुका मी नुसत्या साफ करून परत करतो. झीज ही त्या वस्तूच्या वापराची नोंद असते, आणि एकदा भट्टीत घातलेला भाग पुन्हा पूर्ववत करता येत नाही. म्हणून पेचकस हाती घेण्याआधी पुरावा शोधावा. लॉकप्लेट उतरवल्यावर तिच्या आतल्या बाजूला, पुढच्या लाकडाखाली झाकलेल्या लोखंडावर, चापाच्या पट्टीच्या लाकडात दडलेल्या भागावर मूळ रंग अनेकदा जसेच्या तसे सापडतात. एका लॉकप्लेटच्या मागे, मोठ्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) सावलीत, अंगठ्याच्या नखाएवढा एक निळा डाग मला मिळाला होता. त्याच्या कडेला तपकिरी, आणि तपकिरीच्या पलीकडे जवळजवळ पांढरा राखाडी. बाहेरून ती प्लेट रुपयासारखी कोरी दिसत होती. तो डाग म्हणजे त्या कारखान्याची खूण, आणि काम करायचेच असेल तर जुळवायचे ते त्याच्याशी.

कारण प्रत्येक कारखान्याची रीत निराळी होती. अमेरिकेत हार्टफर्ड येथील कोल्टच्या १८७३ च्या सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरची फ्रेम आणि घोडा, मेरिडेनच्या पार्कर ब्रदर्सच्या दुनळी, लंडन आणि बर्मिंगहॅमची इंग्रजी कामे, यांचे रंग एकमेकांसारखे नाहीत. याशिवाय सायनाइडच्या वितळलेल्या क्षारात बुडवून केलेले काम वेगळेच. अमेरिकेत स्टीव्हन्सच्या स्वस्त बंदुकांवर वाघाच्या पट्ट्यांसारख्या ज्या ठळक रेघा दिसतात त्या त्याच पद्धतीच्या. ती पद्धत घरगुती कार्यशाळेत कोणीही करू नये. सायनाइडचा क्षार स्वतः प्राणघातक आहे, आणि त्याला आम्लाचा स्पर्श झाला की जो वायू सुटतो तोही तितकाच घातक असतो. सायनाइडचे पट्टे असलेल्या बंदुकीवर कोळशाचे ढग चढवणे हीदेखील एक प्रकारची खोटी नोंदच होय, आणि तशी मागणी आली तर मी ती घेत नाही.

धातू कोणता आहे, हे ठरवल्याशिवाय भट्टी पेटवू नये. घडीव लोखंड आणि कमी कर्बाचे पोलाद या कामाला योग्य. विसाव्या शतकात मध्यम कर्बाचे आणि मिश्र पोलाद वापरात आले. ते कारखान्यातच वेगळ्या पद्धतीने कडक केलेले असते. असा रिसीव्हर (बार सोसणारा बंदुकीचा मुख्य सांगाडा) कोळशात तापवून पाण्यात टाकला तर तो आरपार कठीण होतो, तडकतो, किंवा तडकल्याचे दिसत नाही आणि बार उडवताना फुटतो. नळ्या तर या भट्टीत कधीही घालायच्या नाहीत. दुनळीच्या नळ्या आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या झाळून जोडलेल्या असतात, आणि तो झाळ या उष्णतेच्या कितीतरी आधी वितळतो. कमानीही बाजूला काढाव्यात.

तापमानाचा अंदाज डोळ्याने घेण्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीचे सुरुवातीचे रिसीव्हर केस हार्डनिंग केलेले होते. १९१७ मध्ये काही रिसीव्हर फुटले, तेव्हा चौकशीत असे दिसले की घडाईच्या वेळी कारागीर पोलादाच्या लालीवरून उष्णता ठरवीत, आणि लख्ख उन्हाच्या दिवशी जी लाली बरोबर वाटे ती ढगाळ दिवसाच्या लालीपेक्षा सुमारे १६५ अंशांपर्यंत जास्त तापलेली असे. जास्त तापलेले पोलाद जळून ठिसूळ झाले होते. त्यानंतर उष्णता मोजणारे पायरोमीटर आले आणि उष्णतेची पद्धतच बदलली. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० आणि रॉक आयलंड कारखान्याच्या २,८५,५०७ क्रमांकाखालच्या रायफली आजही बार उडवण्यास धोकादायक मानल्या जातात. अनुभवी डोळ्याचे कौतुक आम्हा कारागिरांत फार असते, आणि ते ऐकले की मला हे क्रमांक आठवतात. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतली उष्णता मोजणारे साधन, नसेल तर हे काम करू नये.

प्रत्यक्ष कामात पहिली पायरी मऊ पाडण्याची. जुनी कठीण साल तशीच ठेवून पुन्हा तापवले तर ताण असमान बसतात, आणि नक्षीच्या बुजलेल्या रेघा पुन्हा उकरायच्या असल्या तर कठीण सालीवर छिन्नी चालत नाही. वापरून झालेल्या, जोर गेलेल्या कोळशात भाग गाडून तापवावा आणि मुशीतच, भट्टी बंद करून, रात्रभर निवू द्यावा. घडीव लोखंडाची अ‍ॅक्शन असेल तर मऊ पाडून पॉलिश केल्यावर पृष्ठभागावर लाकडाच्या रेषांसारख्या बारीक रेघा दिसू लागतात. त्या धातूत राहिलेल्या मळीच्या असतात. तो दोष समजून घासत बसू नये. धातू संपेल, रेघा संपणार नाहीत.

पॉलिश हाताने, पेपर लाकडी किंवा पोलादी ठोकळ्यावर ताणून करावे. फिरत्या कापडी चाकावर केलेले पॉलिश कडा गोल करते, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पाडते आणि नक्षीचे काठ बोथट करते. रंगांनी झाकले जाईल, असे मनात धरणे चूक आहे, कारण रंग काहीही झाकत नाहीत. खालचा प्रत्येक ओरखडा ते उठावदार करून दाखवतात. पॉलिश झाल्यावर तेलाचा अंश राहू देऊ नये आणि त्यानंतर भागाला उघड्या बोटांनी शिवू नये. बोटाचा ठसा रंगांत कायमचा उमटलेला मी पाहिला आहे.

यानंतरचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे: आधार देणे. पाण्यात पडताना पातळ भाग आधी निवतो, जाड भाग मागून, आणि त्या ओढाताणीत अ‍ॅक्शन वाकते. मागच्या लांब पट्ट्या, ज्या दस्त्याच्या लाकडात बसतात, त्या आत किंवा बाहेर वळतात. लॉकप्लेट ताटलीसारखी खोलगट होते. म्हणून लॉकप्लेट जाड सपाट पोलादी पट्टीला स्क्रूने आवळून ठेवतात, वरच्या आणि खालच्या पट्टीच्या मध्ये मापाचा ठोकळा बोल्टने धरतात, अ‍ॅक्शनमधील मोकळ्या खाचा पोलादी ठोकळ्यांनी भरतात आणि आट्यांच्या भोकांत स्क्रू किंवा फायरक्ले (आगीत टिकणारी माती) घालतात. पातळ भागाशेजारी पत्र्याचे आवरण ठेवले तर तो जरा सावकाश निवतो. सुरुवातीच्या काळात मी एका अ‍ॅक्शनच्या पट्ट्यांना आधार न देताच ती पाण्यात टाकली होती. रंग आजवरच्या माझ्या कामातले सर्वोत्तम आले, आणि वरची पट्टी टोकाशी जवळजवळ दोन मिलिमीटर वळली. कठीण झालेली पट्टी हातोडीने सरळ करता येत नाही. ती पुन्हा मऊ पाडावी लागली, आणि ते सुंदर रंग मीच भट्टीत घालवले.

भरण्यासाठी लाकडाचा कोळसा आणि हाडांचा कोळसा लागतो. लाकूड कठीण जातीचे असावे, कोळशाचे तुकडे तांदळापासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराचे, आणि दोन्ही कोळसे पूर्ण कोरडे असावेत. हाडांच्या कोळशात कर्ब साधारण दहा टक्केच असतो, बाकीचा मोठा भाग कॅल्शियम फॉस्फेटचा. तरीही निळा आणि जांभळा खुलतो तो त्याच्यामुळे, असा प्रत्येक कारागिराचा अनुभव आहे. मी दोन भाग लाकडाचा आणि एक भाग हाडांचा कोळसा घेतो आणि मग मूळ डागाकडे पाहून प्रमाण हलवतो. जुने लोक जळके कातडे, खूर आणि शिंगेही घालीत. भाग मुशीच्या कडांना आणि एकमेकांना टेकता कामा नयेत. सर्व बाजूंनी किमान दोन बोटे कोळसा असावा, आणि तो हलके ठोकून बसवावा. तळाशी पोकळी राहिली तर तापताना कोळसा खचतो, भाग उघडा पडतो आणि तेवढ्या जागी राखाडी ठिपका येतो. झाकणाच्या कडा फायरक्लेने लिंपाव्यात, मात्र वायूला सुटायला बारीक वाट ठेवावी.

मूस ७५० ते ७६० अंशांपर्यंत न्यावी. पोलादाची अंतर्रचना ७२७ अंशांच्या वर बदलू लागते आणि तेव्हाच ते कर्ब नीट घेते. पण ८०० च्या पलीकडे गेल्यास भाग अधिक वाकतात आणि रंग मंद येतात. भट्टीचा काटा ७६० दाखवतो तेव्हा मुशीच्या मध्यभागी तेवढी उष्णता पोचलेली नसते, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. झाकणातील भोकांतून दोन-तीन लोखंडी तारा आत सोडून ठेवण्याची जुनी रीत याचसाठी आहे: एक तार ओढून काढली आणि तिची लाली टोकापर्यंत सारखी दिसली की तिथून वेळ मोजायला लागावे. थर्मोकपल मुशीच्या आत बसवता आला तर उत्तमच. अ‍ॅक्शनला दोन ते अडीच तास पुरतात. सिअर आणि घोड्याच्या खाचा जास्त झिजतात, म्हणून ते भाग मी वेगळ्या मुशीत जास्त वेळ ठेवतो. शेवटी भट्टी ७०० ते ७३० अंशांपर्यंत उतरवून, सर्वत्र उष्णता सारखी होईपर्यंत थांबावे. या उताराने रंग गडद होतात आणि वाकण्याचा धोकाही कमी होतो.

पाण्याची टाकी मोठी आणि खोल असावी, दोनशे लिटरांहून कमी नाही. पाणी स्वच्छ, क्षार कमी असलेले आणि साधारण २० अंशांचे. तळाशी भोकांची नळी टाकून त्यातून अर्धा तास आधीपासून हवेचे बुडबुडे सोडावेत, म्हणजे पाण्यात प्राणवायू भरतो. काही जण पाण्यात चिमूटभर सोरा (पोटॅशियम नायट्रेट) घालतात. रंग उजळतात हे खरे, पण ते कधी कधी भडक दिसतात, आणि ज्या बंदुकीचे मूळ रंग मवाळ होते तिच्यावर ते शोभत नाहीत. सोरा कोळशाजवळ कोरडा ठेवू नये, हे सांगायलाच हवे.

आणि मग तो क्षण. मूस चिमट्याने उचलून पाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवावी, आणि त्या स्थितीत झाकण सरकवून सगळा ऐवज एकदम, न थबकता, पाण्यात उलटावा. भाग आणि पाणी यांच्यामध्ये हवा येता कामा नये. कोळशाने वेढलेला भाग कोळशासकटच पाण्यात शिरला तर रंग येतात. हवेतून एक हात अंतर पडून शिरला तर त्यावर मळकट राखाडी आवरण चढते. उंचीतला फरक वीतभर, वेळेतला फरक पापणी लवण्याइतका, आणि परिणाम पूर्ण वेगळा. टाकीतून आधी गडगडाट, मग वाफ, मग उसळलेला जळता कोळसा वर येतो. चेहरा पूर्ण झाकणारे संरक्षक कवच, अंगावर कातड्याचा एप्रन आणि पायांत बंद बूट असल्याशिवाय कोणी जवळ उभे राहू नये, आणि ओल्या कोळशाची मूस तर कधीच तापवू नये. तिच्यात कोंडलेली वाफ झाकण उडवते. टाकीत आधी जाळी टांगून ठेवलेली असली म्हणजे भाग तळावर आपटत नाहीत.

जाळी वर काढल्यावर पहिल्या क्षणी सगळे काळे दिसते. काजळी धुऊन निघते तसा आधी एखादा निळा कोपरा उघडा पडतो. भाग उकळत्या पाण्यात धुवावेत, लगेच कोरडे करावेत, पाणी हटवणारे तेल लावावे, आणि त्याच दिवशी सुमारे १५० अंशांवर तासभर टेम्परिंग करावे, म्हणजे मंद तापवून ठेवावे. त्याने सालीतला ताण उतरतो आणि रंगाला धक्का लागत नाही. कानशीची चाचणी आतल्या बाजूने पुन्हा घ्यावी. कुठे कानस धरू लागली तर तिथे बुडबुडा अडकून जागा मऊ राहिली आहे; ती जागा सिअरच्या खाचेत असेल तर रंग कितीही छान आले तरी काम फसले असे मी धरतो आणि पुन्हा सुरुवात करतो.

जोडणीत घाई करू नये. आधार दिलेली अ‍ॅक्शनही शतांश मिलिमीटरांत हलते, त्यामुळे नळ्या पूर्वीसारख्या बसतील याची खात्री नसते. आधी मापे घेऊन ठेवलेली असली म्हणजे किती हलली ते कळते. घासणी करावी ती नळ्यांच्या बाजूने, काजळी लावून, अगदी थोडी. कठीण साल कानशीने काढायची नाही. या बंदुकीतून बार काढायचा विचार असेल तर आधी अधिकृत प्रूफ चाचणी (जास्त दाबाचा बार उडवून घेतलेली ताकदीची परीक्षा) करून घ्यावी, कारण भट्टीतून गेलेल्या अ‍ॅक्शनवरचे जुने प्रूफचे शिक्के आता तिच्या ताकदीची हमी देत नाहीत.

सर्वांत शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा एक पातळ हात द्यावा. पूर्वीचे कारखानेही रंगांवर असेच रोगण देत. गंज काढणारी आम्लयुक्त द्रावणे, अगदी साधे व्हिनेगरसुद्धा, हे रंग मिनिटभरात धुऊन टाकतात, तेव्हा पुढच्या साफसफाईला मऊ कापड आणि थोडे तेल एवढेच वापरावे. आणि लॉकप्लेटच्या आतल्या बाजूला, जिथे लाकूड झाकते तिथे, काम केल्याचे वर्ष बारीक अक्षरांत कोरून ठेवावे. मी ते मऊ पाडलेल्या अवस्थेतच, भट्टीच्या आधी कोरतो. नंतर छिन्नी चालत नाही.